हा नॉब कशाचा? मिडी कंट्रोलर आणि मॅपिंगची चाळीस वर्षं

आज मी सोबत एक वस्तू आणली आहे. मागच्या रांगांमध्ये कदाचित दिसणार नाही, म्हणून सांगतो. साधारण वहीएवढं काळं यंत्र आहे, त्यावर आठ नॉब आहेत आणि आठही अगदी सारखे. शेजारी काहीही लिहिलेलं नाही. आवाज कमी-जास्त करायचा कुठला, घुमारा वाढवायचा कुठला, काही कळत नाही. पेटीचा भाता म्हणजे भाता, तंबोऱ्याची खुंटी म्हणजे खुंटी, तिला दुसरं काम सांगता येत नाही. या नॉबना मात्र मूळचं कामच नाही. ते आपण द्यायचं असतं. त्या काम देण्याला संगीतनिर्मितीच्या भाषेत मॅपिंग म्हणतात, आणि आजचा विषय एवढाच आहे की हे काम कोण ठरवतं, आणि हे ठरवण्याचा हक्क चाळीस वर्षांत कुणाकडून कुणाकडे गेला.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९७८ सालचा प्रॉफेट-५ सिंथेसायझर डोळ्यासमोर आणा. त्याच्या पुढच्या पाटीवर नॉबची गर्दी आहे, प्रत्येकाखाली नाव छापलेलं आहे, आणि आत ज्या सर्किटचा जो गुण बदलायचा त्याच्याशी तो नॉब बांधलेला आहे. कारखान्यातून निघतानाच नॉबचं लग्न लागलेलं. अडचण होती ती वेगळी. एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नसे. प्रत्येकाची जोडणी निराळी, प्लग निराळा, कुणी व्होल्टेजचं गणित एका पद्धतीने करी, कुणी दुसऱ्या.

प्रॉफेट बनवणाऱ्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी १९८१ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एक निबंध वाचला. सगळ्या सिंथेसायझरना समजेल अशी एकच जोडणी असावी, असा त्याचा आशय. तिकडे जपानमध्ये रोलँडचे इकुतारो काकेहाशी याच विचारात होते. यामाहा, कॉर्ग, कावाई हे इतर जपानी कारखानदारही चर्चेत आले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात एक प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा एक ज्युपिटर-६ एका वायरने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडी १.० चं विवरण प्रसिद्ध झालं, आणि ते वापरायला कुणालाही पैसे मोजावे लागणार नव्हते. स्मिथ आणि काकेहाशींना २०१३ साली याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं, म्हणजे बरोबर तीस वर्षांनी.

आता हे मिडी म्हणजे काय, ते नीट लक्षात घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मिडीतून आवाज जात नाही. बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. जातो तो निरोप. नोटेशनच्या वहीत जसे सूर लिहिलेले असतात, वाजत नसतात, तसं. नॉब फिरवला की वायरमधून तीन आकडे जातात. पहिला सांगतो, 'हा कंट्रोलरचा निरोप आहे, आणि सोळांपैकी अमुक चॅनेलसाठी आहे.' दुसरा सांगतो कितव्या क्रमांकाचा कंट्रोलर. तिसरा सांगतो किती. बस्स. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. असा एक निरोप पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. आज हा वेग हास्यास्पद वाटेल, पण त्या काळच्या स्वस्त चिपना तो झेपत होता, हे महत्त्वाचं.

दुसरा आणि तिसरा आकडा ० ते १२७ च्या मध्येच असू शकतो. आठ बिटांपैकी एक बिट 'हा आदेश आहे की आकडा' हे ओळखण्यासाठी राखून ठेवला, उरले सात. म्हणून १२८ पायऱ्या. आवाजाच्या पातळीला तेवढ्या पुरतात. पण फिल्टर सावकाश उघडत नेताना कान तयार असेल तर जिना ऐकू येतो, उतार नाही.

आणि आता गंमत पाहा. कंट्रोलरना क्रमांक दिले, पण बहुतेक क्रमांकांचा अर्थ मोकळा ठेवला. मॉड्युलेशनचं चाक १, आवाजाची पातळी ७, डावं-उजवं १०, सस्टेन पेडल ६४, असे मोजके अर्थ रूढ झाले. पण आजही तक्ता उघडलात तर २० ते ३१ आणि १०२ ते ११९ या क्रमांकांपुढे 'अनिश्चित' असं दिसेल. काहींना हा आळस वाटतो. मला वाटतं ही त्या विवरणातली सगळ्यांत शहाणी गोष्ट आहे. पुढे कुठली वाद्यं येणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असल्याचा आव त्यांनी आणला नाही.

आपल्या गायकीच्या लोकांसाठी एक आडवाट. सुराला वर-खाली ओढण्याचं जे चाक असतं, पिच बेंडचं, त्याला मात्र १६,३८४ पायऱ्या दिल्या. तिथे जिना ऐकू येणं परवडणार नाही हे त्यांना कळलं होतं. पण त्याचा पल्ला बहुतेक ठिकाणी मुळात वर दोन आणि खाली दोन श्रुत्यंतरं, चुकलो, दोन अर्धस्वर एवढाच असतो. सा वरून पंचमापर्यंत मींड घ्यायची तर सात अर्धस्वर लागतात. मग तो पल्ला बारावर नेऊन ठेवायचा. मिडीत त्यासाठी वेगळा निरोप आहे, पण कित्येक सॉफ्टवेअर वाद्यं तो ऐकतच नाहीत, प्रत्येक वाद्याच्या आत जाऊन हाताने बदलावं लागतं. कीबोर्डवर मींड 'अर्धवट येते' अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं हे असतं.

बरं. १९८३ सालीच यामाहाचा डीएक्स-७ आला आणि नॉब गायब झाले. आतमध्ये आवाज घडवणारे शंभराहून जास्त गुण, आणि बाहेर चपटी बटणं आणि आकडा बदलायला एकच स्लायडर. आधी बटणाने गुण निवडा, मग स्लायडर सरकवा, मग पुढचा गुण. स्वस्त पडलं, आणि तो प्रचंड खपला. पण वाजवता वाजवता दोन हातांनी दोन गुण बदलायचे, ही गोष्ट संपली. मग त्यावर उतारा म्हणून नुसत्या फेडरच्या पेट्या बाजारात आल्या. पीव्ही कंपनीच्या पीसी-१६०० वर सोळा फेडर होते, आणि प्रत्येक फेडरने कुठला निरोप पाठवायचा ते वापरणाऱ्याने आकडे भरून ठरवायचं. आज आपण ज्याला मॅपिंग म्हणतो ते हेच, फक्त काम फार किचकट. मॅन्युअल मांडीवर घेऊन बसायचं आणि सोळा-आधारी संख्या टाइप करायच्या.

याच काळातलं एक यंत्र महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रोलँडने १९८५ साली पॅड-८ नावाचं आठ चौकोनांचं यंत्र काढलं, त्याचं नाव ऑक्टापॅड. आपल्याकडे ते ऑक्टोपॅड झालं आणि आता ते सामान्यनाम आहे, कुठल्याही कंपनीचं असो. फार थोड्यांना ठाऊक असतं की त्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी मारली की तो फक्त मिडीचा सूर-क्रमांक पाठवायचा. आवाज दुसऱ्या यंत्रात. म्हणजे तो शुद्ध कंट्रोलर होता. पुढच्या एसपीडी-२० सारख्या यंत्रांमध्ये आवाज आत आले, पण 'कुठल्या पॅडवर काय' हा प्रश्न तसाच राहिला. ऑर्केस्ट्रात किंवा बेंजो पार्टीत वाजवणाऱ्याला विचारा. ढोलकीची थाप कुठे, चाट कुठे, हलगी वरच्या ओळीत की खालच्या, संबळ कुठे, हे तो मनाशी ठरवतो आणि मग वर्षानुवर्षं बदलत नाही. दुसऱ्याच्या किटवर बसवलं तर चांगला वादक पहिल्या दोन मिनिटांत चाचपडतो. त्यांना मॅपिंग हा शब्द कुणी शिकवला नाही. 'दादा, तुमचं सेटिंग द्या ना,' एवढंच ते म्हणतात. पण ती विद्या तीच आहे, आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या आधीपासून आहे.

नव्वदीच्या दशकात वाद्यं संगणकात शिरली. १९९६ साली स्टाइनबर्गने व्हीएसटी आणलं. १९९७ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेडने रीबर्थ काढलं. रोलँडच्या जुन्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ची हुबेहूब नक्कल, पडद्यावर नॉबही तसेच काढलेले. आणि ते फिरवायला काय? माउस. एका वेळी एकच नॉब! खऱ्या ३०३ ची सगळी मजा एका हाताने कटऑफ आणि दुसऱ्याने रेझोनन्स फिरवण्यात. डीएक्स-७ ने जे केलं तेच माउसने पुन्हा केलं.

यातून जी युक्ती पुढे आली तिला मिडी लर्न म्हणतात. पडद्यावरचा नॉब निवडा, समोरच्या यंत्रावरचा कुठलाही नॉब फिरवा, झालं. सॉफ्टवेअर म्हणतं, 'तू २१ क्रमांक पाठवलास ना, मग आजपासून २१ म्हणजे हा.' आकडे माहीत असण्याची गरजच संपली. २००१ साली बर्लिनहून आलेल्या एबलटन लाइव्हमध्ये आजही कंट्रोल आणि एम दाबलं की पडदा निळा होतो आणि जे जे जोडता येईल ते उजळतं. लाइव्हच्या जन्माशी संबंध असलेले रॉबर्ट हेंके स्वतः मंचावर वाजवणारे. त्यांनी स्वतःच्या हातांना हवा तसा मोनोडेक नावाचा कंट्रोलर बांधून घेतला. हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याला मंचावर उभं राहायचं आहे त्याच्या गरजेतून ही सोय घडली.

पण मंचावर ती दगाही देते. माझाच अनुभव सांगतो. एका भजनाच्या कार्यक्रमात मी मागे लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तंबोरा आणि थोडी सुरावट त्यातून येत होती. तंबोऱ्याची पातळी पडद्यावर वीसच्या आसपास. ती किंचित वाढवावी म्हणून नॉबला हात लावला. नॉब मात्र सकाळच्या तालमीपासून उजवीकडे जवळजवळ टोकाला होता, म्हणजे १२६. यंत्राला काय माहीत? त्याने सरळ १२६ पाठवला. सभागृहात तंबोऱ्याचा जो काही गडगडाट झाला, गाणाऱ्या काकूंनी मागे वळून पाहिलं ते मी विसरलेलो नाही.

याला उपाय आहेत. एक म्हणजे पिकअप, नॉब पडद्यावरच्या आकड्याजवळून जाईपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे दुर्लक्ष करतं. सुरक्षित, पण पहिलं अर्धं वळण फुकट जातं आणि घाईत माणसाला वाटतं यंत्र बंद पडलं. दुसरा, हळूहळू जुळवून घेणं. तिसरा, मोटर लावलेले फेडर, जे आपोआप योग्य जागी सरकतात, पण महाग. आणि चौथा, न संपणारे गोल नॉब, जे 'किती' न सांगता 'एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे' एवढंच सांगतात. छान कल्पना, फक्त एकमत नाही. कुणी पुढच्या पावलाला १ आणि मागच्याला १२७ पाठवतं, कुणी ६५ आणि ६३. सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा प्रकार निवडलात तर नॉब किंचित फिरवताच आकडा टोकाला जाऊन आपटतो. नॉब खराब झाला म्हणून परत करायला निघालेल्या एका विद्यार्थ्याला मी अर्ध्या रस्त्यातून बोलावून घेतलं होतं.

इथवर नॉबचं काम वाजवणारा ठरवत होता. २००५ नंतर ते पुन्हा कारखान्याकडे सरकू लागलं. प्रोपेलरहेडने रीझन ३ मध्ये रिमोट नावाची व्यवस्था आणली, ओळखीचा कंट्रोलर जोडला की नॉब आपोआप लागतात. २००९ मध्ये अकाई आणि एबलटनने मिळून एपीसी-४० काढला. चाळीस चौकोनांची जाळी, लाइव्हच्या पडद्यावरची जाळी, दोन्ही एकच. उघडा आणि वाजवा. नवशिक्याला वरदान, यात शंका नाही. पण आतली जोडणी ज्या पायथन लिपीतल्या फायलींनी होते, त्या वाचता येतील अशा दिलेल्या नव्हत्या. मग काही खटपट्या लोकांनी त्या उलगडल्या, वाचल्या आणि स्वतःच्या लिहिल्या. पुढे २०१४ मध्ये आलेल्या बिटविगने ती वाट अधिकृतपणेच खुली ठेवली. डीजेंसाठीचं मिक्स्क्स हे मुक्त सॉफ्टवेअर तर मॅपिंग साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतं, आणि वापरणारेच एकमेकांना त्या देतात. 'दादा, तुमचं सेटिंग द्या ना' चंच हे रूप.

मला तयार मॅपिंगचा राग नाही. राग आहे तो मॅपिंग हरवण्याचा. जोडणी बहुधा यंत्राच्या नावाने साठवली जाते. विंडोजवर तोच कंट्रोलर दुसऱ्या यूएसबी भोकात घातला की कधी कधी त्याच्या नावापुढे '२-' लागतं, आणि सॉफ्टवेअरला तो परका वाटतो. रात्री नीट असलेलं सकाळी मुकं. माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या कामांच्या फायली आहेत, सूर सगळे आहेत, पण कुठला नॉब काय करत होता ते गेलं. सूर लिहून ठेवायची आपल्याला सवय आहे, हातांची जागा लिहून ठेवायची नाही.

जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० मंजूर झालं. कंट्रोलरला १२८ ऐवजी ४२९ कोटींहून अधिक पायऱ्या, जिन्याचा प्रश्न मिटला. आणि दोन्ही बाजू एकमेकांना विचारू शकतात, 'तू कोण, तुला काय काय येतं?' म्हणजे नॉबला आपलं नाव कळेल. जुनं मिडी १.० त्यासोबत चालत राहतं, आणि तुमच्या-माझ्या घरातली बहुतेक यंत्रं अजून तेच बोलतात.

तर हा माझा कंट्रोलर. जवळ येऊन बघाल तर प्रत्येक नॉबखाली कागदाची पट्टी चिकटवलेली आहे, पेन्सिलने लिहिलेली. तिसऱ्या नॉबखाली 'तंबोरा' लिहून दोनदा अधोरेखित केलंय, का ते तुम्हाला आता कळलं. लॅपटॉप इथेच आहे. प्रश्न विचारायच्या आधी ज्यांना स्वतः एक नॉब जोडून बघायचा असेल त्यांनी पुढे या.