ऊतीसदृश जैवद्रव्ये : कोल्हापुरातील संशोधन

ऊतीसदृश जैवद्रव्ये म्हणजे शरीरातील ऊतींची घडण, मऊपणा आणि पेशींना मिळणारा आधार यांची नक्कल करणारे पदार्थ. कोल्हापुरात या विषयावर कसबा बावडा येथील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात काम होते. आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रातला स्टेम सेल व रीजनरेटिव्ह मेडिसिन विभाग ते पाहतो.

प्लास्टिकच्या तबकडीत पेशी जगतात, पण शरीरातल्यासारख्या वागत नाहीत. मेंदूची ऊती सुमारे १ किलोपास्कल इतकी मऊ असते. तबकडी तिच्या लाखो पट कठीण. अमेरिकेत डेनिस डिशर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की मऊ जेलवर ठेवलेली स्टेम पेशी चेतापेशीकडे झुकते आणि कडक जेलवर ठेवलेली हाडाच्या पेशीकडे. कर्करोगाची गाठ किंवा घट्ट झालेले यकृत अभ्यासायचे, तर पेशीखालची जमीनही तशीच हवी.

अशी जमीन नव्याने घडवता येते. कोल्हापूरच्या गटाचे बरेचसे काम मात्र खरीच ऊती रिकामी करण्याचे आहे. डिटर्जंटने धुऊन पेशी काढून टाकतात (डीसेल्युलरायझेशन). मागे कोलॅजन आदी तंतूंची परांची उरते. कोरड्या ऊतीच्या दर मिलिग्रॅममागे ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए उरला, तर धुणे पुरेसे झाले असे सामान्यतः मानतात. खरी कसोटी पुढे असते : डिटर्जंट जहाल झाले तर पेशींबरोबर तंतूही सैल पडतात. या गटाने हृदयाच्या झडपेसाठी डिटर्जंटला अँटिऑक्सिडंटची जोड देऊन पाहिली. २०१८ मध्ये भाजलेल्या जखमेसाठी पेशीरहित उल्व आणि सक्रिय केलेला प्लेटलेटयुक्त रक्तद्रव यांचे आवरण मांडले. उल्व म्हणजे गर्भाभोवतीच्या पिशवीचा आतला पातळ पापुद्रा. बाळंतपणानंतर वारेबरोबर तोही जमिनीत पुरला जाई, हे लक्षात घेतले की या निवडीचे मोल कळते. २०२४ मध्ये ऊतीतूनच मिळवलेल्या कोलॅजनची त्रिमितीय मुद्रणासाठीची जैवशाई या गटाने प्रसिद्ध केली. तिचा उद्देश त्वचा छापणे.

ही कामे मुळात शरीराच्या दुरुस्तीसाठी आहेत. पण ज्या परांचीवर निरोगी पेशी रुजतात तिच्यावर आजारी पेशीही रुजवता येतात, आणि मग तीच वस्तू रोगाची प्रतिकृती ठरते. मार्च २०२३ मध्ये भारताने औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी अशा मानवी ऊती-प्रतिकृतींवरील चाचण्यांना जागा दिली, त्यामुळे या वापराला वजन आले आहे.

मोठी अडचण रक्तवाहिन्यांची. प्राणवायू ऊतीत आपोआप झिरपतो तो जेमतेम १०० ते २०० मायक्रोमीटर. त्याहून जाड थर आतून मरू लागतो. म्हणून त्वचा आणि उल्वासारखे पातळ पापुद्रे आधी हाती येतात, आणि यकृत, मूत्रपिंड मागे राहतात.