बिनकानाचा कप



आपल्या जैन घरातल्या चहाची तऱ्हा वेगळीच. पाणी गाळलेलं. आलं कंदमुळात येतं, म्हणून सुंठ नाहीतर वेलदोडा. गवती चहा परसात असला तरी अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नको म्हणून तोडायचा नाही. आणि संध्याकाळचा चहा दिवस मावळायच्या आत. सुंठ घातलेला तो कडक चहा अंगणात बसून पिण्यात जे सुख आहे, ते मोठ्या हॉटेलात नाही.

पण हा चहा आपल्या आजी-पणजीच्या काळी घरोघरी नव्हता. आसामचा चहा 1839 साली लंडनच्या बाजारात विकला गेला. आपल्या लोकांना त्याची सवय लागली ती पुष्कळ नंतर. 1903 साली सरकारने निर्यातीच्या चहावर कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. बाजारात, स्टेशनवर चहा करून दाखवायचे, फुकट पाजायचे.

आपल्याकडे चहा आला आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला. कुणाच्या हातचा? कुणाच्या कपातला? 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झालं. रानडे, टिळक, गोखले अशी मोठी माणसं तिथे होती. गोपाळराव जोशींनी नावं वर्तमानपत्रात जाहीर केली आणि वाद थेट शंकराचार्यांपर्यंत गेला. 1892 साली प्रायश्चित्तं सांगितली गेली, रानड्यांनीही ते घेतलं. एवढं सगळं कपभर चहावरून!

आपल्या जवळची गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना पैसे देऊन चहाचं हॉटेल काढायला लावलं. दलिताच्या हॉटेलात कोण येणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजाच प्यायला म्हटल्यावर बोलणार कोण?

त्याच कोल्हापुरात आपल्या समाजाचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात शिकायला होते. 1908 साली दलित मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत ये, असं सांगितलं गेलं. त्यांनी नाही म्हटलं आणि बोर्डिंग सोडलं. पुढे 1919 साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. त्या मुलांसाठी रांधणाऱ्या लक्ष्मीबाई म्हणजे आपल्यासारखीच धर्म पाळणारी गृहिणी. धान्य संपलं तेव्हा त्यांनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं.

माझं माहेर साताऱ्याचं. या गोष्टी ऐकतच मी वाढले. 1982 साली लग्न होऊन सांगलीजवळच्या खेड्यात आले, बी.कॉम. झालेली सून म्हणून कौतुकाने. सासरी गोठ्याच्या कोनाड्यात एक बिनकानाचा कप असायचा. शेतात कामाला येणाऱ्या मामांचा. मी वरून चहा ओतायची, ते पिऊन कप स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. "वैनी, च्या लई ग्वाड झालाय," म्हणायचे. मी हसायची. सहा वर्षं हे चाललं. मला कुणी ओतायला भाग पाडलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

एकदा तो कप फुटला. मी घरातली कपबशी दिली. सासूबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मामांनी चहा पिऊन ती विसळली आणि सवयीने कोनाड्यात ठेवली. ती आत आणायला माझा हात गेला नाही. सहाच्या सेटमधले पाच कप फळीवर राहिले, सहावा कोनाड्यात.

आता वाटतं, मी दोन गोष्टींची गल्लत केली. पाणी गाळणं, आलं टाळणं, दिवस मावळायच्या आत खाणं, हे सगळं जीव दुखावू नये म्हणून. तो वेगळा कप कोणता जीव वाचवत होता? त्याने तर एक जीव रोज दुखावला. सोवळ्याच्या नावाखाली मी अहिंसाच मोडत होते.

मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. दरवर्षी क्षमावाणीला आपण घरोघरी जाऊन उत्तम क्षमा म्हणतो. मी त्यांच्या घरी कधी गेले नाही. यंदा त्यांच्या सुनेकडे जायचं ठरवलंय. ती चहा करेल. तिच्या घरच्या कपातला, दिवस मावळायच्या आत, मी पिऊन येईन.

तुमच्याही घरी असा एखादा कोनाडा होता का? आठवून बघा.