एका छोट्या शब्दाचा इतिहास : जर्मन भाषेतील ‘त्सू’

पुण्या-मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जर्मन घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे कधी ना कधी एक यादी येते. एका क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडायचे असेल तर दुसऱ्याच्या मूळ रूपाआधी, म्हणजे इन्फिनिटिवच्या आधी, ‘त्सू’ हा शब्द घालावा. मात्र पुढील क्रियापदे अपवाद समजावीत, असे सांगून ती यादी दिलेली असते. ‘मला पोहता येते’ हे ‘इख कान श्विमेन’, येथे त्सू नाही. ‘तुला लवकर भेटायची आशा आहे’ हे ‘इख होफे, दिख बाल्ट त्सू झेएन’, येथे मात्र त्सू हवा, शिवाय मध्ये स्वल्पविराम. विद्यार्थी विचारतो, असे का? बहुधा उत्तर मिळते, ‘पाठ करा.’

पाठ करण्याला आमचा विरोध नाही. परंतु ही यादी अपवादांची नसून भाषेच्या वयाची आहे, हे शिक्षकाला ठाऊक असले तर तास निराळा होतो. जमीन खणताना वरच्या थरात एक प्रकारची खापरे आणि खालच्या थरात दुसऱ्या प्रकारची सापडावीत, तसा येथे प्रकार आहे. त्सू नसलेली वाक्ये खालच्या, जुन्या थरातली आहेत.

जर्मनचा सर्वांत जुना लिखित टप्पा साधारण इ. स. ७५० ते १०५० हा. त्याला ‘जुनी उच्च जर्मन’ म्हणतात. मठांतील संन्यासी लॅटिन धर्मग्रंथ लोकभाषेत उतरवीत होते. फुल्डा येथील मठात ८३० च्या सुमारास झालेले ख्रिस्तचरित्राचे भाषांतर प्रसिद्ध आहे. या काळात ‘घेणे’ या क्रियापदाचे मूळ रूप ‘नेमान’ होते. हे रूप मुळात क्रियापद नव्हेच, क्रियेचे नाव होते; आपण ‘घेणे’, ‘देणे’ म्हणतो तसे. नाव म्हटले की त्याला विभक्ती आली. त्याची चतुर्थी होत असे ‘नेमान्ने’. आणि या चतुर्थीच्या आधी दिशा दाखवणारे ‘त्सी’, म्हणजे आजचे त्सू, लावले की अर्थ होई : घेण्याकडे, घेण्यासाठी.

म्हणजे त्सू हा ‘कडे’ या अर्थाचा साधा शब्दयोगी होता. ‘घराकडे’ तसे ‘घेण्याकडे’. आजही जर्मनमध्ये ‘डॉक्टरकडे जातो’ म्हणताना हाच त्सू येतो आणि पुढच्या नामाला चतुर्थी लागते. मधल्या काळात शब्दांच्या शेवटचे स्वर झिजले, ‘नेमान्ने’चे ‘नेमेन्ने’ झाले, पुढे नुसते ‘नेमेन’. चतुर्थीची खूण गेली आणि त्सू एकटाच उरला. इंग्रजीचे शिक्षक येथे हसतील, कारण ‘टू गो’, ‘टू सी’ यांतील ‘टू’ची कथा हीच आहे. जुन्या इंग्रजीतही ‘टू’च्या पुढे असेच चतुर्थीचे शेपूट असे आणि तेही असेच गळून पडले.

मराठी वाचकाला तर हे समजावून सांगण्याची गरजच नाही. ‘पाणी आणायला गेला’ यातील ‘ला’ आपल्या डोळ्यांसमोर आहे. ‘आणावयास’, ‘आणावयाला’, ‘आणायला’ अशी ही घसरण. ‘घराला’ मधला ‘ला’ तोच ‘आणायला’ मध्ये. आपली चतुर्थी अजून झिजलेली नाही, इतकाच फरक. आणि मराठीतही जुना थर आहेच. ‘तो वाचू शकतो’, ‘ती रडू लागली’, ‘त्याला जाऊ दे’ येथे ‘वाचायला शकतो’ असे कोणी म्हणत नाही. हे ‘वाचू’, ‘जाऊ’ रूप व्याकरणकार संस्कृतातील ‘तुम्’शी, म्हणजे ‘कर्तुम्’, ‘गन्तुम्’ या तुमंत रूपांशी जोडतात. त्याच्या डोक्यावरचा अनुस्वारही १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपर्यंत छापला जात होता. शकणे, लागणे, देणे यांनी आपला जुना सोबती सोडला नाही; जर्मनमधील ‘क्योनेन’ (शकणे), ‘म्युसेन’ (लागणे, भाग पडणे) यांनीही सोडला नाही. जी क्रियापदे दुसऱ्या क्रियापदाला अगदी चिकटून रोज वापरली जातात, ती नव्या रीती उशिरा उचलतात. यादीतली क्रियापदे त्सू ‘घेत नाहीत’ असे म्हणण्यापेक्षा, त्सूची लाट आली तेव्हा ती आधीच जागा धरून बसली होती असे म्हणणे खरे.

संस्कृतचा उल्लेख आलाच आहे, तर ही गोष्ट जर्मनांना कशी उलगडली तेही पाहू. वेदांत ‘दृशे’ (पाहण्यासाठी), ‘जीवसे’ (जगण्यासाठी), ‘पातवे’ (पिण्यासाठी) अशी अनेक तुमर्थक रूपे येतात. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात ‘तुम्’च्या अर्थी वेदात येणाऱ्या प्रत्ययांची एक लांबलचक माळच दिली आहे. तीही यादीच. १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप यांचा संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मनिक क्रियापदांशी तुलना करणारा ग्रंथ निघाला आणि तौलनिक भाषाशास्त्राला पाया मिळाला. त्या प्रकाशात ही वैदिक रूपे निराळी दिसू लागली : बरीचशी म्हणजे गोठलेल्या चतुर्थ्या, तर ‘तुम्’ ही गोठलेली द्वितीया. १८७३ मध्ये युलिउस योली यांनी भारत-युरोपीय भाषांतील इन्फिनिटिवचा इतिहास या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. हेच योली पुढे हिंदू धर्मशास्त्राचे नामांकित अभ्यासक झाले आणि १८८२-८३ मध्ये कलकत्ता विद्यापीठात टागोर विधी व्याख्याने देऊन गेले. नारदस्मृतीचे त्यांचे भाषांतर धर्मशास्त्राच्या वाचकांना परिचित आहे. त्यांची सुरुवात इन्फिनिटिवपासून झाली हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

पुन्हा जर्मनकडे येऊ. त्सू एकटा पडला आणि झिजला, तेव्हा ‘साठी’ हा अर्थही त्याच्यातून उतरत गेला. ‘आशा आहे येण्याची’, ‘विसरलो आणण्याचे’ अशा, हेतू नसलेल्या ठिकाणीही तो बसू लागला. मग हेतू सांगायला नवा शब्द हवा. तो सापडला ‘उम’. ‘तो गेला पाण्यासाठी, आणायला’ अशा वाक्यात ‘उम’ आधी फक्त ‘पाणी’ या नामाचा होता. ऐकणाऱ्यांनी त्याची जोड बदलली : ‘तो गेला, पाणी आणण्यासाठी’. शब्द जागचे हलले नाहीत, कंस हलला. मग ‘ओने’ (शिवाय) आणि ‘श्टाट’ (ऐवजी) यांनीही हीच वाट धरली आणि ‘न बोलता’, ‘अभ्यास करण्याऐवजी’ अशा अर्थाचे वाक्यांश तयार झाले.

असे वाक्यांश लांब होऊ लागले आणि त्यांत एक अडचण आली. इन्फिनिटिवला कर्ता नसतो, तो ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो. ‘मी तुला यायची विनंती केली’ म्हटले तर येणारा तू. ‘मी तुला यायचे वचन दिले’ म्हटले तर येणारा मी. वाक्याची ठेवण तीच, पण विनंती आणि वचन या शब्दांच्या अर्थावर कर्ता ठरतो. आता हे पाहा : ‘त्याने तिला मदत करायचे वचन दिले.’ वचन तिला दिले की मदत तिला करायची? मराठीत दोन्ही अर्थ निघतात, आणि जर्मनमध्येही हुबेहूब. ‘एर फेरश्प्राख, ईर त्सू हेल्फेन’ म्हणजे मदत तिला. ‘एर फेरश्प्राख ईर, त्सू हेल्फेन’ म्हणजे वचन तिला, मदत कोणालाही. स्वल्पविराम एका शब्दाने सरकला.

याहून अवघड प्रसंग नकाराचा. ‘झी बाट ईन निख्ट त्सू गेएन.’ स्वल्पविराम ‘निख्ट’च्या आधी दिला तर ‘तिने त्याला न जाण्याची विनंती केली’. नंतर दिला तर ‘तिने त्याला जाण्याची विनंती केली नाही’. मराठीला येथे विरामचिन्ह लागत नाही, कारण आपल्याकडे कृदंताचा ‘न’ वेगळा आणि पूर्ण क्रियापदाचा ‘नाही’ वेगळा. ही सोय आपण फुकट वापरतो, कधी तिच्याकडे पाहत नाही.

म्हणून जर्मन शाळांत हा स्वल्पविराम फार जपला गेला. आश्चर्य असे की तो बराच काळ सरकारी नियमात नव्हता. कोनराट डुडेन हे हेर्सफेल्ड येथील एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी १८८० मध्ये शुद्धलेखनाचा कोश काढला, आणि १९०१ मध्ये बर्लिनच्या परिषदेत सर्व जर्मन भाषकांसाठी समान लेखननियम ठरले. परंतु त्या नियमांत विरामचिन्हांचा विषय घेतलाच नव्हता. ती जागा छापखान्यांच्या जुळाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तकाने आणि पुढे डुडेनच्या आवृत्त्यांनी भरून काढली. त्यातून शाळेत रुळलेला नियम असा : नुसता त्सू आणि क्रियापद असेल तर सहसा स्वल्पविराम नको, त्याच्याबरोबर आणखी एखादा शब्द आला की स्वल्पविराम हवा, मात्र ‘शाइनेन’ (वाटणे, भासणे) यांसारखी काही क्रियापदे सोडून.

पुन्हा अपवाद! त्यांचे नीट उत्तर जर्मनीबाहेरून आले. डेन्मार्कचे गुनार बेक यांनी १९५५ व १९५७ मध्ये जर्मन क्रियापदाच्या अशा रूपांवर दोन भागांत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की काही जोड्यांत दोन्ही क्रियापदे मिळून एकच वाक्य बनते, तर काहींत दुसरे क्रियापद आपले स्वतंत्र छोटे वाक्य उभारते. ‘तो झोपलेला भासतो’ ही एक गाठ. तेथे स्वल्पविराम घालणे म्हणजे गाठ कापणे. ‘त्याने उद्या निघायचे ठरवले’ येथे दोन घरे आहेत, मध्ये भिंत शोभते. ‘फेरझूखेन’ (प्रयत्न करणे) यासारखी क्रियापदे दोन्हीकडे नांदतात. शब्द मोजून लावलेला नियम का चुकतो ते यावरून कळते : लांबी हे लक्षण आहे, कारण नव्हे.

पुढचा इतिहास शिक्षकांच्या ओळखीचा वाटेल. १ जुलै १९९६ रोजी व्हिएन्ना येथे जर्मन भाषक देशांनी लेखनसुधारणेचा करार केला. स्वल्पविरामाचे बावन्न नियम होते, आता नऊ झाले, असे समर्थक सांगत. इन्फिनिटिवपुढचा स्वल्पविराम बहुतेक ठिकाणी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यात आला. १९९८ पासून शाळांत अंमल सुरू झाला आणि मोठा गदारोळ उठला. २००० मध्ये फ्रांकफुर्टच्या एका मोठ्या दैनिकाने जुने लेखन पुन्हा स्वीकारले. २००४ मध्ये लेखनविषयक परिषद नेमण्यात आली. २००६ मध्ये नियम पुन्हा बदलले : ‘उम’, ‘ओने’, ‘श्टाट’ असतील, किंवा वाक्यांश एखाद्या नामाला जोडलेला असेल, तर स्वल्पविराम सक्तीचा झाला. आणि २०२४ मध्ये विस्तारित इन्फिनिटिव-वाक्यांशांना तो सरसकट सक्तीचा करण्यात आला. १९९५ ची वही आणि २०२४ ची वही एकाच लाल शाईने तपासता येईल. मधल्या वर्षांतील मुलाने तोच स्वल्पविराम गाळला तर तो बरोबर होता. शिकवणारा तोच, वाक्य तेच. आम्हांला स्वतःला हा स्वल्पविराम परत आला ते बरे वाटते. वाचणाऱ्याची सोय लिहिणाऱ्याच्या सोयीआधी पाहावी.

नियम कागदावर बदलत असताना यादी मात्र बोलण्यात बदलत आहे. ‘ब्राउखेन’ म्हणजे गरज असणे. ‘तुला यायची गरज नाही’ म्हणताना व्याकरणाप्रमाणे त्सू हवा, आणि तो विसरू नये म्हणून जर्मन शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून एक यमक घोकून घेतले आहे. तरीही बोलताना लोक तो सर्रास गाळतात. अर्थाने हे क्रियापद ‘म्युसेन’चे नकारी जोडीदार, म्हणून ते हळूहळू त्याच्या पंगतीला बसत आहे. त्याच्या रूपांतही हे दिसते. ‘कान’, ‘मुस’ यांना तृतीय पुरुषी एकवचनात ‘त’ लागत नाही, आणि बोलीत ‘ब्राउख्ट’चा ‘त’ गळून ‘एर ब्राउख’ ऐकू येते. ‘क्योन्टे’, ‘म्युस्टे’ यांच्या चालीवर ‘ब्रॉयश्टे’ हे स्वर बदललेले रूप तर लेखनातही रुळले आहे.