रवींद्रनाथ टागोरांची व्यक्तिचित्रे

भारताच्या राष्ट्रगीताचे कर्ते रवींद्रनाथ टागोर (७ मे १८६१–७ ऑगस्ट १९४१) यांची देशीविदेशी चित्रकारांनी वेळोवेळी चित्रे काढली. लांब दाढी, मानेवर रुळणारे केस, शांत दृष्टी आणि पायघोळ झगा ही त्यांची सर्वपरिचित प्रतिमा या चित्रांतून व छायाचित्रांतून रूढ झाली. कवीच्या लौकिकाला ही प्रतिमा उपकारक ठरली, तशीच काही अंशी ती त्याच्या बहुविध व्यक्तिमत्त्वावर आवरण घालणारीही ठरली. या व्यक्तिचित्रांचे ऐतिहासिक महत्त्व त्यामुळे दुहेरी आहे.

रवींद्रनाथांच्या तारुण्यातील रूपाची कल्पना त्यांचे ज्येष्ठ बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांच्या पेन्सिल-रेखाटनांवरून येते. या काळाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. दुसरे बंधू सत्येंद्रनाथ हे मुंबई इलाख्यात सनदी सेवेत होते. १८७८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी रीतिरिवाजांचा परिचय व्हावा म्हणून सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना मुंबईस प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवण्यात आले. डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा ऊर्फ अ‍ॅना हिने त्यांना इंग्रजीचे पाठ दिले व रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिले. चेहऱ्याची रेखा झाकली जाईल म्हणून कधीही दाढी राखू नये, असे तिने सुचविल्याची आठवण रवींद्रनाथांनी पुढे उतारवयात सांगितली. ही सूचना आपण पाळली नाही, हेही त्यांनी नमूद केले.

जगाला परिचित असलेल्या प्रतिमेचा आरंभ १९११ मध्ये झाला. इंग्रज चित्रकार विल्यम रॉथेन्स्टाइन (१८७२–१९४५) हे भारतीय कलेचे चाहते होते. १९१० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या इंडिया सोसायटीशी त्यांचा निकटचा संबंध होता. भारतभेटीत ते कलकत्त्यास जोडासाँको येथील टागोरांच्या वाड्यात गेले, ते अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ या चित्रकार बंधूंना भेटण्यासाठी. तेथे स्तब्धपणे संभाषण ऐकत बसलेल्या त्यांच्या चुलत्यांनी रॉथेन्स्टाइन यांचे लक्ष वेधून घेतले व त्यांचे चित्र काढण्याची अनुमती त्यांनी मागितली. हा गृहस्थ बंगालीतील थोर कवी आहे, हे त्या वेळी आपणास कोणी सांगितलेही नव्हते, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. म्हणजे या चित्रकाराने कवीचा चेहरा प्रथम पाहिला, काव्य मागाहून वाचले. त्याच वर्षी २७ डिसेंबर रोजी कलकत्ता येथील काँग्रेस अधिवेशनात ‘जन गण मन’ हे गीत प्रथम गायिले गेले.

१९१२ मध्ये रवींद्रनाथ लंडनला गेले, तेव्हा गीतांजलीच्या इंग्रजी अनुवादाचे हस्तलिखित त्यांनी रॉथेन्स्टाइन यांच्या हाती दिले. रॉथेन्स्टाइन यांनी ते कवी येट्स यांच्याकडे पोहोचविले. इंडिया सोसायटीने त्या वर्षी काढलेल्या ७५० प्रतींच्या मर्यादित आवृत्तीस येट्स यांची प्रस्तावना असून प्रारंभी रॉथेन्स्टाइन यांनी काढलेले कवीचे चित्र आहे. ग्रंथ रॉथेन्स्टाइन यांनाच अर्पण केलेला आहे. १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले व १९१५ मध्ये लंडनच्या मॅक्मिलन प्रकाशनाने रॉथेन्स्टाइनकृत सहा व्यक्तिचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. संयत रेषा, किंचित झुकलेले मस्तक आणि अंतर्मुख भाव ही या चित्रांची वैशिष्ट्ये होत. पाश्चात्त्य वाचकांनी त्यांत पूर्वेकडील ऋषी पाहिला. शाळा चालविणारा शिक्षक, ग्रामसुधारणेचा कार्यकर्ता, विनोदी लेखक आणि आक्रमक राष्ट्रवादाचा टीकाकार ही त्याच कवीची इतर रूपे या प्रतिमेत मागे पडली.

साठी उलटल्यावर रवींद्रनाथ स्वतः चित्रकलेकडे वळले. हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी जोडता जोडता आकार घडवीत त्यांनी आरंभ केला व पुढे दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. त्यांचे पहिले प्रदर्शन मे १९३० मध्ये पॅरिस येथे भरले. त्यांच्या आत्मचित्रांत ऋषितुल्य प्रसन्नता क्वचितच आढळते. गडद छाया, रोखलेली नजर आणि अस्वस्थ रेषा यांमुळे ती रॉथेन्स्टाइनच्या चित्रांहून सर्वस्वी वेगळी वाटतात. आपल्या छापील प्रतिमेवरच शाई व रंग चढवून तिचे रूप पालटण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने ‘जन गण मन’चा राष्ट्रगीत म्हणून स्वीकार केल्यावर कवीच्या प्रतिमेस राष्ट्रीय स्थान प्राप्त झाले. १९५२ च्या संत व कवी यांच्या टपाल तिकिटांच्या मालेत कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास व गालिब यांच्यासमवेत त्यांचे चित्र छापण्यात आले. संसदेच्या जुन्या वास्तूतील मध्यवर्ती सभागृहात त्यांचे व्यक्तिचित्र लावण्यात आले. याच सभागृहासाठी लोकमान्य टिळकांचे तैलचित्र मराठी चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी रंगविले. त्याचे अनावरण १९५६ मध्ये झाले. या सर्व सार्वजनिक चित्रांत दाढीधारी, धीरगंभीर वृद्धच दिसतो.

महाराष्ट्रात चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील आश्रमशाळांपासून महानगरांपर्यंत विद्यार्थी राष्ट्रगीत म्हणतात. त्यांच्या मनातील राष्ट्रगीतकारही हाच वृद्ध असतो. वस्तुतः ते गीत रचताना रवींद्रनाथ पन्नास वर्षांचे, पूर्ण कर्तृत्वाच्या भरात असलेले गृहस्थ होते. रॉथेन्स्टाइन यांचे १९११ चे रेखाचित्र त्या वयाची साक्ष देते, म्हणून राष्ट्रगीताच्या इतिहासातही त्यास महत्त्वाचे स्थान आहे.