मानवजातिवर्णनपर छायाचित्रण, भारतातील

मानवसमूहांची शरीरवैशिष्ट्ये, वेशभूषा, व्यवसाय व राहणी यांची छायाचित्रांद्वारे केलेली नोंद. छायाचित्रणाची कला भारतात १८४० च्या सुमारास आली. मुंबईत १८५४ मध्ये ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता.

त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत (१८५१) काचेवरील लेप वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन ते धुवावे लागे. प्रकाशनासही कित्येक सेकंद लागत. म्हणून चित्रविषय झालेल्या व्यक्तीस निश्चल राहणे भाग पडे. त्यामुळे सहज वाटणारी दृश्येही बहुधा मांडून घेतलेली असत. विल्यम जॉन्सनच्या मुंबईतील लोकसमूहांवरील दोन खंडांत (१८६३, १८६६) चित्रशाळेत टिपलेल्या आकृती अन्यत्र घेतलेल्या दृश्यांवर जोडलेल्या आढळतात. चेहरे खरे, स्थळेही खरी. परंतु ती माणसे त्या स्थळी उभी नव्हती.

या प्रकारातील सर्वांत मोठा प्रकल्प म्हणजे जॉन फोर्ब्‌स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादिलेला द पीपल ऑफ इंडिया (८ खंड, १८६८–७५) हा ग्रंथ. लॉर्ड कॅनिंग व त्यांच्या पत्नी यांनी स्वतःच्या संग्रहासाठी चित्रे जमविण्यास आरंभ केला; १८५७ च्या उठावानंतर त्यास शासकीय स्वरूप आले. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे असलेल्या या ग्रंथात बहुतेक व्यक्तींची नावे नाहीत. त्यांच्या जातिजमातींची आहेत. सोबतच्या मजकुरात त्या त्या समूहाचा स्वभाव, आचरण, क्वचित राजनिष्ठा यांविषयी सरसकट अभिप्राय दिलेले आहेत. अशा रीतीने एका माणसाचा चेहरा संपूर्ण समाजाचा दाखला ठरविला गेला. सर सय्यद अहमद खान यांनी १८६९ मध्ये लंडन येथे हा ग्रंथ पाहिला, तेव्हा त्यातील देशबांधवांचे चित्रण त्यांना अत्यंत अपमानास्पद वाटले.

याच तंत्राचा वापर भारतीयांनी व्यक्तिचित्रणासाठीही केला. मुंबईत हरिश्चंद्र चिंतामण हे व्यावसायिक छायाचित्रकार होते. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबाद येथे केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली. येथेही पडदे व आसने कृत्रिमच असत. पण चित्र काढवून घेणारी व्यक्ती आपल्या इच्छेने येई, वेश व अलंकार स्वतः निवडी आणि तिचे चित्र तिच्या नावानेच घरात राही. तेव्हा मांडणी कृत्रिम असणे हा या दोन प्रकारांतील भेद नव्हे. आपली ओळख सांगण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा खरा भेद होय.

वस्त्रे, अलंकार, हत्यारे व वाद्ये यांच्या इतिहासासाठी हे संग्रह अमोल आहेत. मात्र चित्राखालील मजकूर हा चित्राइतका विश्वसनीय पुरावा मानता येत नाही. प्रकाशाने काचेवर उमटविली ती एका विशिष्ट व्यक्तीची मुद्रा होती. तिला जातीचा नमुना बनविले ते संपादकांनी. त्या मुद्रांवरील संकोच, कंटाळा वा अभिमान मात्र कोणत्याही वर्गीकरणात न बसता आजही ओळखू येतो.