किनारी सहलींचे नियोजन व आरक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (इ. स. १८४४ ते १८९१)

प्रस्तावना

समुद्रपर्यटनाच्या इतिहासात जहाजांचे आकारमान, वेग आणि जहाजावरील ऐषाराम यांची चर्चा विपुल आढळते. जहाज बंदरात थांबल्यानंतर प्रवासी कोठे जातात, त्यांची भ्रमंती कोण ठरवितो आणि त्या भ्रमंतीचे पैसे कोणाच्या हाती पडतात, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. जहाज बंदरात असेपर्यंत प्रवाशांनी किनाऱ्यावर केलेल्या अल्पकालीन भ्रमंतीस प्रस्तुत लेखात 'किनारी सहल' ही संज्ञा वापरली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सहलीचा सौदा बंदराच्या धक्क्यावरून उठून कंपनीच्या कचेरीत कसा गेला, याचा मागोवा घेणे हा लेखाचा उद्देश आहे. अखेरीस या इतिहासाच्या प्रकाशात मुंबई बंदर व घारापुरी यांचा थोडक्यात विचार केला आहे.

टपालबोटींचा काळ

पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या कंपनीस १८४० मध्ये राजसनद मिळाली. टपालवाहतूक हा तिचा मुख्य व्यवसाय होता. त्याच आगबोटींतून भूमध्य समुद्राची फेरी करण्याची सोय कंपनीने १८४४ मध्ये जाहीर केली. कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज लेखक विल्यम मेकपीस थॅकरे याला या फेरीसाठी कंपनीने विनामूल्य प्रवास देऊ केला. त्याने ऑगस्ट १८४४ मध्ये प्रस्थान ठेवले आणि लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, याफा व अलेक्झांड्रिया या मार्गाने कैरोपर्यंत मजल मारली. या प्रवासाचे त्याचे पुस्तक १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनीने लेखकाकडून करून घेतलेली प्रसिद्धी म्हणूनही या प्रसंगाकडे पाहता येते.

या टप्प्यावर कंपनीची जबाबदारी बंदरापर्यंतच होती. किनाऱ्यावर उतरल्यावर होडीवाला, हमाल, घोडेवाला, दुभाष्या यांच्याशी घासाघीस करणे हे प्रवाशाचे काम होते. बोटीचा मुक्काम मात्र टपालाच्या सोयीने ठरत असे. किनारी सहलीतील मूळ पेच येथेच दिसतो. स्थळ कितीही मोठे असो, ते पाहण्यास लागणारा वेळ आणि बोटीने दिलेला वेळ यांचा मेळ बसेलच असे नाही.

'क्वेकर सिटी'ची सफर (१८६७)

दि. ८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून निघालेली 'क्वेकर सिटी' ही आगबोट केवळ पर्यटनासाठी सफरीवर गेली होती. तिचा वृत्तांत मार्क ट्वेनने १८६९ च्या आपल्या पुस्तकात दिल्यामुळे या सफरीचे नियोजन आपणास बारकाईने पाहता येते. सफरीच्या प्रसिद्धिपत्रकात प्रवासभाडे १,२५० डॉलर सांगितले होते. किनाऱ्यावरील खर्चासाठी प्रत्येकाने दररोज सोन्याचे ५ डॉलर धरावेत, असा अंदाज त्यात स्वतंत्रपणे दिला होता. जिनोआस उतरून मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स पाहावे आणि लेगहॉर्न येथे पुन्हा बोट गाठावी, असे पर्यायही सुचविले होते. सर्व प्रवाशांचे एकमत झाल्यास मार्ग बदलता येईल, अशी तरतूदही होती.

म्हणजे कंपनी सल्ला देत होती, विक्री करीत नव्हती. बैरूत येथे ट्वेनसह आठ जणांनी दमास्कस मार्गे जेरुसलेमकडे जाण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी एका स्थानिक दुभाष्याशी करार केला. प्रत्येकी दररोज ५ डॉलरमध्ये घोडे, तंबू, भोजन व नोकर पुरविण्याची जबाबदारी त्याने घेतली. आठ प्रवाशांच्या दिमतीस एकोणीस नोकर आणि सव्वीस खेचरे होती, असे ट्वेन लिहितो. हा सारा पैसा थेट किनाऱ्यावरील माणसांच्या हाती गेला. दुसरीकडे, रविवारी प्रवास करावयाचा नाही या काही सहप्रवाशांच्या आग्रहामुळे तीन दिवसांची मजल दोन दिवसांत मारली गेली आणि त्याचा ताप घोड्यांना सोसावा लागला. प्रवाशांनी स्वतः केलेले नियोजन शहाणपणाचेच असते असे नाही, हे यावरून दिसते.

पिरेयस बंदरातील प्रसंग तितकाच बोलका आहे. तेथे अकरा दिवसांचे विलगीकरण सांगण्यात आल्याने एवढा काळ न थांबता पुढे जाण्याचा निर्णय कप्तानाने घेतला. ट्वेन व त्याचे तीन सोबती रात्री चोरून किनाऱ्यावर उतरले आणि चंद्रप्रकाशात अॅक्रोपोलिस पाहून पहाटे परतले. आखलेली सहल बंदराच्या नियमांमुळे ऐनवेळी रद्द होण्याचा हा प्रकार आजच्या प्रवाशासही अपरिचित नाही.

कुपनांचा उदय

सल्ल्याकडून विक्रीकडे जाण्याचा मार्ग टॉमस कुक याच्या व्यवसायाने तयार केला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने हॉटेलांची कुपने प्रचारात आणली. १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, त्याने इजिप्त व पॅलेस्टाइनची पहिली सहल नेली. पुढे नाईल नदीवरील प्रवासी आगबोटींचे अभिकर्तेपद कुकच्या पेढीस मिळाले. पॅलेस्टाइनमध्ये तंबू, घोडे व दुभाषे यांचे करार पर्यटकाऐवजी पेढी करू लागली. दुभाष्या तोच राहिला, पण त्याचा मालक बदलला. पूर्वी प्रवाशाची मर्जी सांभाळणारा माणूस आता पेढीच्या दराने काम करू लागला. प्रवाशाची घासाघीस संपली, तशी दुभाष्याची दर ठरविण्याची मुभाही संपली.

'ऑगस्टा व्हिक्टोरिया' (१८९१)

हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील प्रवासी घटत आणि मोठी जहाजे तोट्यात चालत. हांबुर्ग-अमेरिका कंपनीचे अल्बर्ट बालिन यांनी यावर उपाय म्हणून 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जलद जहाज भूमध्य समुद्राच्या पर्यटनफेरीस पाठविले. दि. २२ जानेवारी १८९१ रोजी २४१ प्रवाशांसह ते कुक्सहाफेनहून निघाले आणि सुमारे दोन महिन्यांनी परतले. स्वतः बालिनही या फेरीत सहभागी होते.

या आकड्याचा अर्थ लक्षात घ्यावयास हवा. आठ जणांचा गट धक्क्यावर उतरून दुभाष्या शोधू शकतो. दोनशे माणसे एकाच सकाळी उतरली तर घोडे, गाड्या व होड्या आधी ठरवून ठेवाव्याच लागतात. याफा येथे तर जहाज खडकांच्या रांगेबाहेर नांगरून ठेवावे लागे आणि स्थानिक नावाडी प्रवाशांना होड्यांतून किनाऱ्यावर आणीत. समुद्र खवळला की उतरणेच अशक्य होई. सप्टेंबर १८९२ मध्ये याफा-जेरुसलेम रेल्वे सुरू झाली आणि सहलीच्या जमिनीवरील भागास निश्चित वेळापत्रक मिळाले. पूर्वनियोजन ही अशा रीतीने संख्येची व वेळेची अपरिहार्य गरज होती. नफ्याची संधी त्या गरजेतूनच निर्माण झाली.

आजची व्यवस्था

आजच्या क्रूझवरील सहलींचे आरक्षण याच पायावर उभे आहे. कंपनीमार्फत घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज सामान्यतः थांबते, अथवा प्रवाशांना पुढील बंदरी पोहोचविण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतंत्रपणे गाडी वा मार्गदर्शक ठरविणाऱ्या प्रवाशास ही हमी नसते. जहाजावरील घड्याळ आणि स्थानिक वेळ यांत अंतर असल्यास त्याचा हिशेबही त्यालाच ठेवावा लागतो. जहाज समुद्रात नांगरले असेल तर लहान बोटींतून प्रथम उतरण्याचा मान बहुधा कंपनीच्या सहलींना मिळतो. तेव्हा प्रवासी जी जादा किंमत मोजतो ती स्थळदर्शनाइतकीच परतीच्या हमीची असते. ही हमी देण्याचे सामर्थ्य फक्त जहाजाकडे असल्याने सौद्यात जहाजाचे पारडे जड राहते.

बंदरांनी या असमतोलाची दखल घेतल्याची उदाहरणे आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये अलास्काच्या मतदारांनी संमत केलेल्या प्रस्तावात प्रवासी-कराबरोबरच, किनाऱ्यावरील व्यवसायांचा जहाजावर प्रचार करण्यासाठी घेतलेला मोबदला प्रवाशांस उघड करावा, अशी तरतूद होती. दलाली घेण्यास त्यात बंदी नव्हती. ती लपवू नये, एवढाच आग्रह होता.

मुंबई व घारापुरी

मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांसाठी घारापुरीची लेणी हे बंदरालगतचे स्वाभाविक स्थळ आहे. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या सन्मानार्थ या लेण्यांत मेजवानी झाली होती. १९८७ मध्ये लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गेटवेपासून लाँचने तेथे जाण्यास सुमारे एक तास लागतो. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात लाँचसेवेचा भरवसा देता येत नाही. सोमवारी बंदरात येणाऱ्या जहाजाच्या दृष्टीने ही लेणी नसल्यासारखीच ठरतात. राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या बेटावरील वस्त्यांना २०१८ पर्यंत नियमित विजेची प्रतीक्षा करावी लागली. लाँचवाले, डोलीवाले, मार्गदर्शक आणि वस्तू विकणाऱ्या ग्रामस्थ स्त्रिया यांचा चरितार्थ येथील पर्यटनावर अवलंबून आहे. २०२५ मध्ये मुंबईत नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले. मोठ्या जहाजांची ये-जा वाढल्यास या माणसांचा सौदा कोण आणि कोठे ठरविणार, हा प्रश्न १८९१ च्या याफाइतकाच येथेही उभा राहील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, किनारी सहलीचे पूर्व-आरक्षण ही प्रवासीसंख्या व मर्यादित वेळ यांतून उद्भवलेली खरी गरज होती. दुसरी, या व्यवस्थेने प्रवाशास फसवणूक व अनिश्चितता यांपासून संरक्षण दिले, परंतु त्याच वेळी स्थानिक श्रमिकाचा स्वतःचा दर ठरविण्याचा अधिकार क्षीण केला. तिसरी, हा अधिकार काही अंशी परत मिळविण्याचा मार्ग व्यवहाराच्या पारदर्शकतेतून जातो. धक्क्यावरचा तो जुना सौदा आदर्श होता असे म्हणता येणार नाही. त्यात प्रवासी नाडला जाई आणि जनावरेही. तथापि, त्या सौद्यात दोन्ही पक्ष समोरासमोर उभे असत. आजच्या नियोजनात किनाऱ्यावरच्या पक्षासही बैठकीत जागा मिळावी, एवढी अपेक्षा हा इतिहास निश्चितपणे व्यक्त करतो. कोकण किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी आपापल्या बंदरांतील लाँचचालक, मार्गदर्शक व विक्रेते यांच्या मौखिक इतिहासाचे संकलन हाती घेतल्यास या विषयाची दुसरी बाजूही प्रकाशात येऊ शकेल.