पाकिटावरचं नाव



बनशंकरी म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना बदामीजवळची कुलस्वामिनी आठवेल. बंगळुरूत मात्र बनशंकरी हे शहराच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या वस्तीचं नाव आहे. तिथल्या एखाद्या मराठी घरातला मेलबॉक्स डोळ्यांपुढे आणा. विजेचं बिल, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, उद्यान एक्सप्रेसचं तिकीट, पासवर्ड बदलायची लिंक. यातलं एकही पत्र कुणी माणसाने बसून लिहिलेलं नाही. ती प्रोग्रामने लिहिली आणि प्रोग्रामनेच पाठवली.

आपला समज असा असतो, की आधी माणसं एकमेकांना ईमेल लिहायची आणि यंत्रं त्यात नंतर शिरली. इतिहास वेगळं सांगतो. ईमेल सुरुवातीपासूनच दोन प्रोग्राममधली देवाणघेवाण आहे. माणूस तिच्या टोकांना असतो, कधी नसतोही. हे नीट समजलं, की आज मेलमधून होणाऱ्या फसवणुकीचं मूळही सापडतं.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याकडे दोन प्रोग्राम होते. एक होता ‘सेंडमेसेज’. त्याने एकाच संगणकावरच्या लोकांना निरोप ठेवता येत. दुसरा होता ‘कॉपीनेट’. तो एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर नेई. टॉमलिन्सन यांनी हे दोन्ही जोडले आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’ची खूण घातली. दोन यंत्रांमधली ईमेल अशी जन्माला आली.

आता आपल्याकडे येऊ. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने, ‘अर्नेट’ हे शिक्षण आणि संशोधनासाठीचं जाळं उभारायला घेतलं. सुरुवातीला त्यात आठ संस्था होत्या : खुद्द तो विभाग, पाच आयआयटी, मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. जुन्या बंगळुरूकरांच्या तोंडी तिचं नाव अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ आहे. बनशंकरीतून उत्तरेकडे शहर ओलांडत गेलात, की ती लागते.

एनसीएसटीचे संचालक होते डॉ. श्रीनिवासन रमणी. भारतात इंटरनेट रुजवल्याबद्दल २०१४ साली त्यांचा समावेश ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये झाला. १९८६-८७च्या सुमारास जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या फोनच्या लाइनवरून ईमेलची ये-जा सुरू झाली. त्यासाठी वापरलेल्या पद्धतीचं नाव यूयूसीपी. एक संगणक मोडेमने दुसऱ्याला फोन लावायचा, रांगेत साठलेली पत्रं द्यायचा, तिकडची घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. पलीकडे पत्र स्वीकारायला माणूस नसे. पहिला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावरचा टपालाचा प्रोग्राम चालू करी आणि पत्र त्याच्या हवाली करी.

यूयूसीपीत पत्ता म्हणजे वाटेचा नकाशा असे. आधी या यंत्राकडे, तिथून त्या यंत्राकडे, मग अमुक माणसाकडे. मधल्या प्रत्येक थांब्याचं नाव पाठवणाऱ्याला माहीत असावं लागे. साधं टपाल आठवून बघा. पत्र कुठल्या गाडीने जाईल आणि कुठे उतरेल हे आपण लिहीत नाही. पिनकोड घातला की बाकीचं टपालखातं बघतं. हा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. ईमेलच्या जगात तेच काम डोमेनच्या नावांनी केलं. आपलं ‘डॉट इन’ हे नाव ८ मे १९८९ रोजी नोंदलं गेलं. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत.

तोवर पत्र पोचवण्याचा एक जागतिक रिवाज ठरून गेला होता. ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी नावाची नियमावली लिहिली. ती म्हणजे एक संवादच आहे. पाठवणारा प्रोग्राम ‘हेलो’ म्हणून स्वतःचं नाव सांगतो. मग पत्र कुणाकडून ते सांगतो, मग कुणाला. समोरचा दर वेळी २५० म्हणतो, म्हणजे ‘ठीक’. पाठवणारा ‘डेटा’ म्हणतो, समोरून ३५४ येतं, म्हणजे ‘आता मजकूर द्या’. शेवटी एका ओळीवर नुसतं एक टिंब दिलं की पत्र संपलं. प्रत्येक उत्तरात आकडा असतो आणि पुढे शब्द असतात. आकडा प्रोग्रामसाठी, शब्द माणसासाठी, असं त्या नियमावलीतच म्हटलं आहे. त्यामुळे चार-दोन ओळींचा प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थीसुद्धा मेल पाठवू शकतो.

सोपेपणाबरोबर एक उणीवही आली. ‘पत्र कुणाकडून’ या प्रश्नाला पाठवणारा जे सांगेल ते खरं धरलं जाई. ते जाळं मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या संस्थांचं होतं. पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव घालू शकतं, याची फारशी चिंता तेव्हा कुणी केली नाही.

पत्र घेणाऱ्या बाजूलाही तसाच भोळेपणा होता. अनेक यंत्रांवर मेल स्वीकारायला ‘सेंडमेल’ नावाचा प्रोग्राम असे. त्याची एक चाचणीची सोय उघडी राहिली, तर पत्त्याच्या जागी चक्क आज्ञा लिहिता येई आणि तो ती पाळे. २ नोव्हेंबर १९८८ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा हजारो यंत्रांत पसरला, तो ज्या वाटांनी, त्यांतली एक हीच. मेलमधून येतो तो कुणाचा तरी दावा असतो. प्रोग्रामने तो हुकूम समजला की घात होतो. आज मेल वाचून आपल्या वतीने कामं करणारे एआय सहायक आले आहेत. त्यांच्यापुढेही हाच धोका आहे.

मराठीचा प्रश्न आणखी निराळा. एसएमटीपीतून १२८ चिन्हंच जाऊ शकत, म्हणजे रोमन अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं. देवनागरीला तिथे जागा नव्हती. १९९२ साली ‘माइम’ हा तोडगा आला. तो मजकुराला रोमन अक्षरांचा वेष चढवून धाडतो आणि पलीकडे उतरवतो. युनिकोडमधला आपला ‘अ’ तीन बाइट घेतो, आणि त्या वेषात त्याची चार चिन्हं होतात : आकडा चार, के, एस, एफ. बनशंकरीतून पुण्याला गेलेलं मराठी पत्र वाटेत अनेकदा असंच दिसतं. पत्ताही देवनागरीत लिहिता यावा, याचा नियम २०१२ला झाला, आणि २०१४ला ‘डॉट भारत’ सुरू झालं.

पाकिटावरच्या नावाचं काय झालं? त्यावर तीन कुलुपं बसली. २००६च्या एसपीएफने डोमेनच्या मालकाला जाहीर करता येऊ लागलं, की माझ्या नावाने कोणती यंत्रं मेल पाठवू शकतात. २००७च्या डीकेआयएमने पत्राला डिजिटल सही दिली. २०१५च्या डीमार्कने सांगितलं, की तपासणीत न बसलेल्या पत्राचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही बंधनकारक केलं. १९८२च्या नियमावलीनंतर ४० वर्षं उलटून गेल्यावर.

पण ही कुलुपं डोमेन तपासतात, माणूस तपासत नाहीत. तुमच्या बँकेसारखं दिसणारं, एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं डोमेन कुणी रीतसर विकत घेतलं, तर त्याची पत्रं या तिन्ही तपासण्या बिनबोभाट पार करतील. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं जरूर शिकवा. मेलवर ठळक दिसणारं नाव पाठवणाऱ्याने हवं ते घातलेलं असू शकतं. त्याच्याखालचा पत्ता उघडायचा आणि ‘अ‍ॅट’नंतरचा भाग अक्षर अक्षर लावून वाचायचा. शंका आली तर त्या मेलमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. पासबुकावर छापलेला नंबर फिरवायचा.